सुमनबाईचं रीळ

पुण्याला शिकायला गेलेल्या पोरी परत येताना डिग्री आणतात, नाहीतर जावई आणतात. हट्टा गावच्या तातेरावांची पुनम आली ती चावी पिळून चालवायचा एक जुना कॅमेरा आणि डब्यांत बंद केलेली फिल्मची रिळं घेऊन. आली होती आईच्या दुखण्यासाठी. सुमनबाईच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पण आईचं सगळं करून हात मोकळे झाले की पोरीचं हे खूळ सुरू.

आता खूळच म्हणायचं, दुसरं काय? सगळं जग मोबाइलवर सिनेमा काढतं, आणि ही बाई पुण्याच्या ज्योतीमॅडमनी शिकवलेलं गिरवत बसायची. न्हाणीघराची खिडकी गोधडीनं बंद करून अंधारात स्वतःच्या हातानं फिल्म धुवायची, तीही कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात. धुतलेली पट्टी सुईनं खरवडायची, हळदीच्या पाण्यात भिजवायची, वावरात पुरून ठेवायची आणि माती तिच्यावर काय उमटवते ते बघायची. त्या सिनेमात गोष्ट-बिष्ट काही नसायची. मग पट्टी अंगणातल्या तारेवर चिमटे लावून वाळत घालायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "शिकून शिकून पोरगी आता माती वाळवून राहिली." तातेराव मात्र कधी हसले नाहीत. बाजेवर बसून ते लेकीची सगळी कामं डोळ्यांत तेल घालून बघायचे.

पहिलं रीळ कोरं निघालं. दुसऱ्यावर नुसते ढग. तिसऱ्यावर एकदाची शेळी दिसली, रांजण दिसला, आणि गंगेत घोडं न्हालं. मग पुनमनं कॅमेरा आईसमोर आणला.

मोबाइल समोर आला की सुमनबाई आधार कार्डावरच्यासारखी ताठ व्हायची, पदर कपाळापर्यंत ओढायची. पोरीच्या मोबाइलमध्ये तिचे ढीगभर फोटो होते आणि एकातही ती नव्हती. या कॅमेऱ्याची चावी मात्र तिनं स्वतः पिळली. आतून आवाज सुरू झाला तसं तिला हसू फुटलं. "अगं बया, हे तर घरघर करून राहिलं," म्हणाली, आणि पदर खांद्यावर घसरला तरी तिनं सावरला नाही. केस गेलेलं डोकं, वर केलेली हनुवटी आणि ते हसू. असं रीळ तीन मिनिटंही चालत नाही. आई गेल्यावर आपल्याजवळ आई म्हणून एवढंच राहणार, हे तिला तिथंच कळलं होतं.

म्हणून तर तिनं ते धुवायची घाई केली नाही. हात नीट बसू दे, फिल्म टिकवणारी हायपोची पावडर चांगली मिळू दे, मग धुवू. डब्याला चिकटपट्टी लावून तिनं तो भिंतीतल्या देवळीत ठेवला. पंधरवड्यात सुमनबाई गेली.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पुनम सकाळच्या एस्टीनं हिंगोलीला गेली. तिथं बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या म्हाताऱ्याकडे हायपोची पुडी शिल्लक होती. इकडे घरात सुतक फिटल्याची धुणीपुसणी निघाली. भुई सारवली, गोधड्या धुतल्या, आणि गेलेल्या माणसाची म्हणून जी जी चीज होती तिला रीतीप्रमाणे ऊन दाखवलं.

दुपारी पुनम अंगणात आली. तारेवर आईच्या लुगड्यांशेजारी ते रीळ होतं. पुरं उलगडलेलं, चिमटे लावलेलं, कुठं घडी पडू दिलेली नाही. न धुतलेली फिल्म दह्याच्या रंगाची असते. ही उन्हानं जांभळट पडली होती. खाली तातेराव काठी घेऊन बसले होते, शेळीनं तोंड घालू नये म्हणून.

"आली का बाई? हात साबनानं धुतले, मंगच लावले," ते म्हणाले. "लई दिस डब्यात कोंडून होतं. बुरशी आली असती. तू टाकती तसंच टाकलं ना, बराबर?"

पुनमला बोंब मारावीशी वाटली. पण तासलेल्या डोक्याचा बाप तिच्याकडे शाबासकीसाठी बघत होता. तिच्या तोंडून निघालं, "बराबर हाय, आप्पा."

आणि तिनं ते रीळ धुतलंसुद्धा. माणसाचा जीव वेडा असतो. एखादं चित्र आत कुठं तरी वाचलं असेल असंही तिला वाटलं, आणि खरं सांगायचं टाळायचंही होतं. तातेराव न्हाणीघराच्या दाराबाहेर पाट टाकून बसले. मधूनमधून विचारत होते, "दिसली का?" आतून पुनम म्हणायची, "थांबा जरा."

पट्टी बाहेर आली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. तातेरावांनी चष्मा लावला, ती उजेडात धरली आणि वीत वीत पुढं सरकवत शेवटापर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून बघू लागले.

"कुठं हाय ती?"

"न्हाई, आप्पा." पुनमला रडू कोसळलं. "धुवायच्या आधी उजेड लागला का समदं जातं. धुतल्यावर उन्हात टाकायचं असतं, आधी न्हाई."

पट्टी जमिनीला लागू नये म्हणून तिचं लोंबणारं टोक तातेरावांनी मांडीवर ओढून घेतलं.

"म्या इचारलं होतं तुला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच पुनमला सोसेना. "तू पयलं रीळ धुतलं त्याच दिवशी. अंधारात काहून धुती, म्हून. तू म्हनली, राहू द्या आप्पा, तुमच्या डोक्यात न्हाई शिरायचं."

पुनमला ते आठवत नव्हतं. म्हणाली असेल. घाईत असेल.

"येवढी साधी गोष्ट होती, बाई," तातेराव म्हणाले. "धुवायच्या आधी ऊन दाखवायचं न्हाई. सांगितली असती तर शिरली असती."