मधात रुतलेला पाय

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. वयाने मी फारशी जुनी नाही. परंतु ज्या वाहनाचे चाक फिरेनासे होते, त्याला म्हातारपण लवकर गाठते. जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत एका बैठ्या घराच्या फाटकाच्या आत, मेंदीच्या कुंपणाशेजारी माझी जागा आहे. तेथे उभी राहून मी जे सोसले, ते आज तुम्हांला सांगते.

तप्त धातूच्या रसातून माझे इंजिन घडले. कारखान्यातील कुशल हातांनी मला एकेक अवयव दिला. त्यांपैकी एक अवयव अगदी लहान होता. माझ्या बाजूच्या स्टँडच्या मुळाशी बोराच्या बीएवढे एक बटण आहे. स्टँड उचलायचे विसरून कोणी निघाला, तर तो वळणावर अडखळून पडेल. म्हणून स्टँड खाली असताना गिअर टाकला की हे बटण इंजिन बंद करते. माझी सगळी सावधगिरी तेवढ्याशा जागेत साठवलेली आहे.

मला घरी आणले ते मोरेश्वर यांनी. ते मूळचे वाईचे, विमा कचेरीतले अधिकारी, बदलीच्या निमित्ताने येथे आले आणि येथेच रमले. बालपणी वडिलांपाशी बसून त्यांनी संस्कृत पाठ केले होते. त्यामुळे त्यांच्या तोंडून साधी सूचनाही ऋचेसारखी संथ निघे. रोज सकाळी सिव्हिल लाइन्सच्या सावलीतल्या रस्त्याने आम्ही कचेरीत जात असू. त्यांनी मला कधी घाईने पळवले नाही, कधी दरडावले नाही. असा स्वार लाभणे हे माझे भाग्य होते.

त्यांची मुलगी ईश्वरी मोठी झाली, तेव्हा वसाहतीच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी तिला माझ्यावर बसवले.

"क्लच सोडताना घाई करू नकोस, ईशू. मुठीतले फुलपाखरू सोडावे, तसा सोड."

"फुलपाखरू मतलब... तितली ना, बाबा?"

"हो, तितली. पण मराठीत फुलपाखरू म्हण."

"तुम्ही मराठी शिकवताय की गाडी? एक काहीतरी ठरवा!"

मोरेश्वर मनापासून हसले. ती दोघे हसत असता माझे इंजिनही कसे एकसुरात चाले! त्या सकाळीच त्यांनी तिला वचन दिले, "नोकरी लागली की ही गाडी तुझी."

आता दसऱ्याची गोष्ट सांगते. येथे आपट्याची पाने मिळत नाहीत. परंतु खेजडी मुबलक, आणि खेजडी म्हणजेच शमी, याचे मोरेश्वरांना फार समाधान वाटे. त्या दिवशी मला स्नान घडे, झेंडूची माळ चढे, आणि देवाला करतात तशी माझी यथासांग पूजा होई. पूजेत पाद्य, म्हणजे पाय धुणे, आलेच. आता वाहनाचा पाय कोणता? ज्याच्या आधाराने ते उभे राहते तो स्टँड हाच पाय, असे त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते. मग दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे पंचामृत ते पळीपळीने माझ्या त्या पायावर सोडत.

त्यांची पत्नी विनया दारातून म्हणत, "अहो, देवासाठी थोडं तरी ठेवा! सगळं गाडीलाच पाजताय."

"आज हीच देवता आहे."

"असेल बाई. पण आरतीला आधी मुंग्याच जमल्यात, त्या बघा."

ते डोळे मिटून मंत्र म्हणत. मुंग्या बघायला डोळे उघडे हवेत. मित्रांनो, त्यांच्या भक्तीत काही खोट नव्हती, म्हणून तर मला त्याचे अधिक दुःख होते. वर्षानुवर्षे तो मध माझ्या स्टँडच्या मुळाशी झिरपत राहिला, त्यावर जयपूरची वाळू बसत गेली, आणि एका दसऱ्याला ते इवले बटण आतल्या आत रुतून बसले.

दुसऱ्याच दिवशी ईश्वरी मला घेऊन गोपालपुऱ्याला शिकवणीच्या वर्गाला निघाली. जाताना बटण कसेबसे सुटले. परतताना मात्र तिने गिअर टाकला आणि मी गप्प झाले. तिने मला पुन्हा सुरू केले. न्यूट्रलमध्ये मी छान धडधडले. गिअर टाकताच पुन्हा निःशब्द! स्टँड वर उचललेला होता, पण माझ्या यंत्राला वाटत होते की पाय अजून जमिनीवरच आहे. मागून भोंगे वाजू लागले. भर उन्हात ती मला ढकलत मानसरोवरापर्यंत घेऊन आली. तिच्या तळहातांचा घाम माझ्या मुठींना अजून आठवतो.

फाटकात मोरेश्वर उभे होते.

"काय केलेस हिला?"

"काहीच नाही, बाबा. गिअर टाकला की बंद पडते. सच में."

"माझ्या हाती कधी पडली नाही ती. तू क्लच ओरबाडला असशील."

"बाबा, मी..."

"कालच पूजा झाली हिची आणि आज ही दशा! दिलेली वस्तू सांभाळता यावी लागते, ईश्वरी."

ईशूची ईश्वरी झाली, तेव्हाच मला धसका बसला. माझ्या पायाकडे पाहा हो, असे मला ओरडून सांगायचे होते. पण भोंग्यावाचून मला वाचा नाही, आणि तोही दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

मला मिस्त्रीकडे नेले, तेव्हा मोरेश्वरांनी दोष आधीच सांगून टाकला, "मुलीने क्लच घालवला आहे." मिस्त्रीने नवी तार घातली, प्लेटा बदलल्या. मी तशीच. तो म्हणाला, "छोड़ जाइए, बाबूजी, वायरिंग भी देख लेंगे." परंतु पूजा केलेले वाहन परक्या दारी ठेवणे त्यांना रुचले नाही. मला परत आणून त्यांनी माझ्यावर चादर टाकली.

ईश्वरीने किल्ली देवघरात ठेवली. "तुमची गाडी, बाबा. तुम्हीच सांभाळा." पुढे जयपुरातच चालून आलेली नोकरी तिने नाकारली आणि ती पुण्याला निघून गेली. फोनवर ती आईशी तासभर बोले, बाबांशी मात्र औषध घेतले का, एवढेच. आणि मित्रांनो, पुढच्या प्रत्येक दसऱ्याला मोरेश्वर चादर बाजूला सारून माझ्या पायावर आणखी पंचामृत सोडत, मी बरी व्हावी म्हणून!

यंदा दिवाळीला ईश्वरी घरी आली. मला विकून टाकायचे अखेर ठरले होते, आणि त्याच दुपारी घेणारा येणार होता. चहाचा पेला हाती घेऊन ती माझ्याजवळ थांबली. मोरेश्वर चादरीची घडी घालत होते.

"बाबा, एक विचारू? नंतर तुम्ही गिअर टाकायचात, तेव्हा ही झटका द्यायची, की गुपचूप बंद व्हायची?"

ते आठवू लागले. "गुपचूप. दिवा मालवावा तशी."

"मग क्लच नाही. क्लच असता तर उडी मारून बंद पडली असती. ऑफिसमधल्या मैत्रिणीची गाडी अशीच बंद व्हायची. स्टँडचा स्विच अडकला होता तिचा." ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि थबकली. "बाबा, इथे इतक्या मुंग्या का?"

दारात उभ्या असलेल्या विनयांनी पदर तोंडाला लावला. मोरेश्वर हळूहळू खाली बसले. काळ्या पडलेल्या, दगडासारख्या घट्ट मधाला त्यांनी बोट लावले, आणि ते बोट तसेच धरून ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

कोमट पाणी आले, दात घासण्याचा जुना ब्रश आला. बापलेकींनी मिळून माझा पाय धुतला. ही माझी पहिली खरी पाद्यपूजा. शेवटी बटण टक् करून बाहेर उसळले. शेजाऱ्याच्या बॅटरीचा आधार घेऊन मी खोकले, थरथरले आणि बोलू लागले. मोरेश्वरांनी स्वतः गिअर टाकला. मी बोलतच राहिले.

"ईशू," ते म्हणाले, "तू तेव्हा खरे सांगत होतीस."

ती माझ्या टाकीवरची धूळ पुसत राहिली. "आता काय, बाबा. परवा सकाळचं तिकीट आहे माझं."

त्यांनी घेणाऱ्याला फोन करून येऊ नका म्हटले. मग किल्लीसकट मूठ तिच्यापुढे केली. तिने किल्ली घेतली आणि ती माझ्यावर बसली. कित्येक वर्षांत तिने कोणतेच वाहन चालवले नव्हते. तिने गिअर टाकला, क्लच भसकन सुटला आणि मी उडी मारून बंद पडले. या वेळी चूक खरोखर तिची होती. तिने दचकून बाबांकडे पाहिले. तिचे खांदे आपोआप आक्रसले होते, आणि ते मोरेश्वरांना दिसले.

"पुन्हा," ते अगदी हळू म्हणाले. "तितलीसारखा सोड."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेलीच. आता मोरेश्वर रोज मला सुरू करतात, फाटकापर्यंत नेतात आणि ती गेली त्या वाटेकडे पाहून परत आणतात. मित्रांनो, मुकी वस्तू असो वा आपले माणूस, ते अडखळले तर दोष ठरवण्याआधी एकदा गुडघे टेकून पाहा. मध धुऊन निघतो. पण तिचे ते आक्रसलेले खांदे कशाने धुवायचे, हे त्यांना अजून सापडलेले नाही.