सुटी राहिलेली दोन टोकं

मी वही बोलतेय. दोनशे पानांची, लाल कापडी पाठीची, उजवा कोपरा जळलेली. जळक्या कोपऱ्याकडे बघून नाक मुरडू नका हं, त्याचीच तर हकिगत सांगायला बसलेय.

कुंभकोणमच्या एका दुकानात मी माझ्या बहिणींबरोबर फळीवर पडून होते. बहिणी भराभर शाळेत गेल्या. कोणाच्या अंगावर पाढे आले, कोणाच्या अंगावर लाल शाईचे शेरे. मला मात्र एका नव्या नवरीनं उचललं. सेंदामरै तिचं नाव. आईकडून डोक्यात भरून आणलेले चाळीस कोलम, म्हणजे तुमच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या, विसरायच्या आत तिला कागदावर उतरवायचे होते. तिनं पहिल्या पानावर पेन्सिलीनं ठिपके टेकवले आणि माझं नशीब उघडलं. मी त्या गल्लीतली सगळ्यात मानाची वही झाले. जरा तोरा आहे मला, पण तो कष्टानं कमावलेला आहे.

आमच्याकडे पहाटे अंगण झाडून, सडा घालून, तांदळाच्या पिठाचा कोलम घातल्याशिवाय घराला तोंड दाखवायला जागा नसते. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती वळत जाणारी रेघ. ती निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. टोक सुटं राहिलं, तर 'दार उघडं राहिलं, अवदसा आत येईल' म्हणतात आणि बायका ते पुसून पुन्हा काढतात. आणि मार्गळीचा, म्हणजे संक्रांतीआधीचा थंडीचा महिना आला की काही विचारू नका! महिनाभर रोज पहाटे ज्या त्या दारात मोठाले कोलम, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल, आणि प्रत्येकीचा एक डोळा शेजारणीच्या अंगणावर.

सेंदामरैचा दुसरा डोळा समोरच्या घरावर असायचा. तिथं दैवानै राहते. सेंदामरैहून चार वर्षांनी मोठी, जिभेनं चाळीस वर्षांनी. ही बाई अंगणात उभी राहून केस विंचरायची. एवढ्याशा केसांना अर्धा तास! केस कसले, ती आमचा कोलम डोळ्यांनी उतरवून घ्यायची. एका वर्षी देवळातल्या स्पर्धेत तिनं आमचा माशांचा कोलम जसाच्या तसा घातला आणि बक्षिसाचा कुकर घरी नेला.

"माझ्या आईचे मासे तिनं शिजवून खाल्ले," सेंदामरै म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. नऊ वर्षं! बोलायचं झालंच तर गल्लीतल्या नळाला उद्देशून. "नळा रे नळा, काही लोकांना बादली भरली की बाजूला व्हायचं कळत नाही." तिकडून उत्तर यायचं, "नळा, तूच सांग बाबा, तुझं पाणी कोणाच्या आईनं आंदण दिलंय का?"

या सगळ्याला हसणारी एकच होती. सेंदामरैची मुलगी, कयलविळी. आम्ही कयल म्हणायचो. समोरच्या दैवानैला ती, नात्यात नसली तरी, अत्तै म्हणजे आत्या म्हणायची. सहा वर्षांची असताना तिनं माझ्या सतराव्या पानावर पहिला कोलम काढला, तोही पेनानं. खाडाखोड करायची सोयच नाही. त्यात एक ठिपका बाहेर राहून गेला होता.

"हा एकटा का गं बाहेर?" आईनं विचारलं.

"त्याला शू लागलीय," कयल म्हणाली. तिचे वडील मुरुगैयन शिवणाच्या मशीनवर बसले होते. फार न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी हसता हसता त्यांनी सदऱ्याची बाही उलटी जोडली.

कयल मोठी झाली, शिकली, माती तपासायच्या सरकारी कचेरीत नोकरीला लागली. दिवसभर शेतकऱ्यांच्या पिशव्यांमधली माती बघायची आणि पहाटे दारातली. आई पेन्सिलीनं, लेक पेनानं, दोघींनी मिळून माझी एकशे बेचाळीस पानं भरली. माझ्या अंगावर डोशाचं पीठ आहे, हळद आहे, खोबरेल आहे, आणि सत्तराव्या पानावर दोघींच्या भांडणात सांडलेली कॉफी आहे. कयल सत्तावीस वर्षांची झाली तरी आई तिला रोज ओरडायची, "घाई करू नकोस, रेघ थरथरतेय!" आणि रोज ती म्हणायची, "रेघ नाही अम्मा, थंडीनं मी थरथरतेय."

आता एकशे त्रेचाळिसाव्या पानाबद्दल सांगते. ते मला एकटीला ठाऊक होतं. मार्गळीच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी आई देवळात गेली होती, तेव्हा कयलनं मला मांडीवर घेतलं, जीभ बाहेर काढली (मन लावून काही करताना तिची जीभ बाहेर यायची) आणि काहीतरी काढलं. काढता काढता स्वतःशीच खुदकन हसली. मला बंद करून कपाळाला लावलं आणि खणात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोलम तिनंच घातला. आई बाहेर येऊन बघते तर रस्त्याकडची दोन टोकं सुटी!

"काय गं हे? ऐन मार्गळीत दार उघडं?"

कयल स्कूटर सुरू करत होती. "हात लावू नकोस हं अम्मा. असू दे तसंच. संध्याकाळी सांगते."

"संध्याकाळी सांगणार म्हणे! समोरची बघून दात काढेल तोवर!"

"काढू दे की. चांगले आहेत तिचे दात," असं म्हणून कयल गेली.

सेंदामरै फुगून बसली. दोन टोकं जुळवायला तिला दोन चिमटी पीठ पुरलं असतं. पण तिनं मुद्दाम नाही जुळवली. संध्याकाळी आपलं आपण बघेल, म्हणाली.

अकरा वाजता कचेरीतून फोन आला. कयलचं डोकं एकाएकी दुखायला लागलं, ती खुर्चीवर बसली, आणि गेली. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी काही कळायला मार्गच नव्हता, असंही म्हणाले.

त्या दिवसाचं जास्त सांगत नाही. मला सांगवतही नाही. एवढंच सांगते की आलेल्या बायकांमधली एक लांबची आत्या कुजबुजली, "सकाळी दारात तुटका कोलम होता म्हणे." सेंदामरैनं ते ऐकलं, आणि दोन दिवसांत सगळ्या गल्लीनंही. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं की पोरीच्या मरणाला दार आपणच उघडं ठेवलं. दोन चिमटी पीठ टाकलं असतं तर माझी कयल राहिली असती. मुरुगैयननी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. ती मान हलवायची आणि पुन्हा तिथेच यायची.

शोकाच्या घरी वर्षभर कोलम घालत नाहीत. आमचं दार नुसतं पाणी मारून मोकळं राहू लागलं. मला मशीनच्या खालच्या खणात टाकलं गेलं. वर मुरुगैयन एकच शिवण घालायचे, उसवायचे, पुन्हा घालायचे. आणि मी खाली तडफडत होते. अहो, सगळं माझ्या पोटात होतं! एकशे त्रेचाळिसावं पान उघडलं की संपलं. पण वहीला स्वतःहून उघडता येत नाही, ही देवाची मोठी चूक आहे. एकदा सेंदामरैनं खण उघडला, मी श्वास रोखला, तिनं कात्री घेतली आणि खण लावला. त्या कात्रीवर माझा अजून राग आहे.

एक गोष्ट मात्र खणातून मला वासानं कळायची. पहिले पंधरा दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, आणि रोज दुपारी ओट्यावर एक डबा यायचा. सांबार-भात, चिंचेचा भात, वांग्याची भाजी. ठेवणारी बोलायची नाही. डबा ठेवला की नळाला सांगून जायची, "नळा, कोणीतरी खाऊन घ्यावं म्हणावं. मीठ बरोबर पडलंय."

वर्ष सरलं, वर्षश्राद्ध झालं. आता कोलम घालायला हरकत नव्हती. पुन्हा मार्गळी चालू होता, गल्ली पांढरीशुभ्र झाली, आमचं दार मात्र कोरंच. आणि गंमत बघा, दैवानैच्या दारातही त्या महिन्यात फक्त चार ठिपक्यांचा कोलम! तिच्या नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसली, "समोर भांडायला कोणी नसेल तर कोणासाठी काढू? तुमच्यासाठी?"

मग भोगी आली, पोंगलच्या, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशीची. आमच्याकडे त्या पहाटे घरातलं जुनंपुराणं होळीसारखं जाळतात. सेंदामरैनं फाटकी चटई काढली. मग खण उघडला, मला हातात घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तुला तरी कशाला ठेवू गं?" ती म्हणाली. "आता कोणासाठी भरायची आहेस तू?"

उघड ना, मी म्हणत होते. एकदाच उघड. तिनं मला चटईत गुंडाळलं, सुतळी बांधली आणि मुरुगैयनच्या हातात दिलं. आत काय आहे ते त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. गल्लीच्या कोपऱ्यावर पोरांनी पेटवलेल्या जाळात त्यांनी चटई टाकली, आणि ते मान खाली घालून घरी गेले.

चटई वाळकी खडखडीत. भसकन पेटली! सुतळी जळाली, चटई उलगडली, जाळानं माझा उजवा कोपरा धरला. संपलं सगळं, म्हटलं मी, कयलची गोष्ट माझ्याबरोबर राख होणार. इतक्यात एक आवाज कडाडला.

"अरे मेल्यांनो, बाजूला व्हा! ती वही आहे!"

दैवानै! पंचवीस वर्षं जिच्या पाठीकडे ती लांबून बघत होती, ती मी तिला दहा हात अंतरावरूनही ओळखू आले. काठीबिठी काही नाही, बाईनं सरळ हात घातला. मला बाहेर ओढलं, पदरानं थापटून विझवलं, आणि, आता खोटं कशाला बोलू, पहिली गोष्ट कुठली केली असेल तर मला उघडलं! इतक्या वर्षांची भूक होती. भराभर पानं उलटू लागली. "हं, अननस... हं, हा तर मी जमवला होता... अगंबाई, हा असा होता होय!"

एकशे त्रेचाळिसाव्या पानाशी तिचा हात थांबला. ती वाचत राहिली. मग मला छातीशी धरून धावत सुटली, आणि नऊ वर्षांत ओलांडला नव्हता तो उंबरठा ओलांडून आमच्या घरात शिरली.

"सेंदामरै! अगं ए गाढवे! काय जाळायला काढलं होतंस ठाऊक आहे?"

सेंदामरै दचकून उठली. "अक्का, तुझा हात..."

"हात मरू दे! हे वाच. वाच म्हणते ना!"

पानावर समोरासमोर दोन चौकटी होत्या, आमचं घर आणि दैवानैचं. दोन्ही दारांत अर्धे अर्धे कोलम, आणि दोघांची सुटी टोकं ठिपक्यांना वळसे घालत, रस्ता ओलांडून एकमेकांना मिळालेली. खाली पेनानं कयलचं अक्षर होतं:

'आमचं दार सात ठिपके. रस्ता अकरा ठिपके. दैवानै अत्तैचं दार सात ठिपके. रेघ एकच. अट : दोघींनी बोललंच पाहिजे, नाहीतर टोकं जुळायची नाहीत. उद्या आपली बाजू सुटी ठेवायची. अम्मा ओरडेल. ओरडू दे. संध्याकाळी दोघींना सांगेन.'

सेंदामरैनं ते तीनदा वाचलं. मग तिच्या तोंडून शब्द फुटला. "म्हणजे... ते चुकलं नव्हतं?"

"चुकतेय कसली! तुझी लेक होती ती. टोकं माझ्यासाठी ठेवली होती गं."

"मी जुळवली असती तर..."

"तर तिनं संध्याकाळी पुसली असती आणि तुला चार शब्द ऐकवले असते. दुसरं काही झालं नसतं. त्या आत्याबाई एकदा भेटू देत मला, त्यांच्या कवळीचा कोलम करते."

सेंदामरैला हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू. वर्षभर तिनं रडणं दाबून ठेवलं होतं, आता ते धो धो आलं. दैवानैच्या गळ्यात पडून ती रडली आणि दैवानैही रडली, आणि मुरुगैयन भाजलेल्या हाताला लावायला आणलेला मध दोघींच्या रडण्यात तसाच हातात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पोंगल. पहाटे दोन्ही दारांत सडा पडला. मी मधोमध, दगडाखाली उघडी. एक इकडून निघाली, एक तिकडून. भांडण झालंच! "अक्का, तुझे ठिपके तिरके चाललेत." "तिरका तुझा रस्ता आहे!" दूधवाला सायकल घेऊन आला आणि थबकला. "आता मी जाऊ कुठून?" "खांद्यावर घे तिला," दोघी एकदम म्हणाल्या. आणि खरंच, त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि ठिपक्यांवरून बगळ्यासारखा पाय टाकत गेला.

रस्त्याच्या मधोमध टोकं भिडली. शेवटची चिमूट सेंदामरैनं सोडली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "वर्षभर उशीर केलास गं सांगायला," ती म्हणाली.

याला आता दोन वर्षं झाली. मी अर्धा आठवडा या घरी, अर्धा त्या घरी असते. दैवानैनं माझ्या जळक्या कोपऱ्याला कापडाचं ठिगळ लावलंय, मुरुगैयननी ते उसवून नीट शिवलंय. माझी नऊ पानं कोरी उरलीत, दोघी ती पुरवून पुरवून वापरतात. तुमच्या घरी कोणाची वही बंद पडून असेल, तर बाबांनो, जाळायच्या आधी एकदा उघडून बघा. आमच्या जातीला तोंड नाही, पण पोटात पुष्कळ असतं.

आणि मार्गळीच्या पाचव्या दिवशी आमच्या गल्लीत आलात, तर दारातला कोलम पाहून हळहळू नका. सेंदामरै त्या सकाळी रस्त्याकडची दोन टोकं मुद्दाम सुटी ठेवते. कोणी विचारलं तर म्हणते, "असू दे. संध्याकाळी सांगायचं ठरलंय." दिवेलागणीला ती पिठाची वाटी घेऊन पुन्हा बाहेर येते, दिवसभरात काय काय झालं ते कयलला सांगत बसते, आणि सगळं सांगून झालं की दोन चिमटी सोडून टोकं जुळवते.