पूजा झालेली काच

काच फुटली आणि श्यामराव सरांना आनंदच झाला. दुसऱ्याची चूक सापडली की विभागप्रमुखाला बिनसाखरेचा चहाही गोड लागतो. ही जमात भिलाईच्या प्रयोगशाळेत काय, कुठेही सारखीच.

लेझरचा एक झोत वीस नॅनोसेकंद टिकतो, हे सरांच्या हाताखालच्या रत्नमालानं स्वतः मोजलं होतं. समोर प्रकाश टिपणारा फोटोडायोड लावायचा, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर उंचवटा उमटला की त्याची रुंदी घ्यायची. त्याच आकड्यावरून तिनं सांगितलं होतं, तपासायला आलेली ही काच लेझरचा एवढा मार सोसेल. काचेनं सोसला नाही. तेव्हा झोत वीसचा नसून छोटाच असणार, असं सरांचं म्हणणं. तेवढीच ऊर्जा कमी वेळात आली की घाव जबर बसतो. अहवालात तिचा आकडा खोडून ते दहा लिहायला निघाले. तिचं वर्षाचं काम त्या एका आकड्यावर उभं होतं.

वर टोमणा होताच. "विश्वकर्मा पूजेले तू आली नाही ना, म्हणून मशीन रुसली तुयावर."

ती बौद्ध घरची, वडील रेल्वेत. पूजेला ती जात नाही हे सरांना ठाऊक होतं, तरी सत्त्याऐंशी सालीही चिमटा काढल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. तीही हसून म्हणाली, मशीनले वीज लागते सर, नारळ नाही.

तिनं पुन्हा मोजलं. वीसच. मग फुटलेली काच टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरली. तडा गेला तिथंच तेलकट, लालसर ठसा. लेझरच्या पेटीवरही तसलेच ठसे. पावर हाउसच्या बाजारातून आणलेला शेंदूर तेलात कालवून सरांनी आपल्या अंगठ्यानं यंत्रायंत्राला लावला होता. भक्तीच्या भरात तपासायची काचही सुटली नाही. नंतर रुमालानं पुसली, पण तेल राहिलं. डागानं प्रकाश शोषला, काच तापून तडकली.

तिनं आरडाओरडा केला नाही. त्याच खेपेतली दुसरी काच अ‍ॅसिटोननं धुतली, सरांना बोलावून डोळे जपायचा चष्मा दिला आणि तोच झोत मारला. काच जशीच्या तशी.

तिनं फुटलेल्या काचेवरचा लालसर ठसा दाखवला. सरांनी ती काच उलटीपालटी करून पाहिली. मग हळूच म्हणाले, वीसच राहू दे, पण हे बाहेर सांगत बसू नको.

"कोनाले सांगू सर? पन पहिली कावून फुटली, ते अहवालात लिवाच लागते. तुमीच सांगा, काय लिवू?"

सरांनी मान पुसली. "लिव, पृष्ठभागावर मळ होता."

तिनं पेन थांबवला. "मळच ना सर?"

"हो बाई, मळच."