सहाव्या आणि सातव्या मजल्यामधलं भाषण

मिस्त्री त्या नऊ मजली कचेरीतली लिफ्ट अठरा वर्षं सांभाळत होता. लिफ्टचा ब्रेक झिजला होता आणि तो बदलायला हवा, असं त्याने चार वेळा लेखी कळवलं होतं. पाचव्यांदा कळवल्यावर परिपत्रक आलं. संचालक मंडळापुढे दहा मिनिटांचं सादरीकरण करावं, मंजुरी मिळेपर्यंत मशीनला हात लावू नये.

मिस्त्री आजवर चार माणसांपुढेही बोलला नव्हता. त्याने थोरल्या भावाचं घर गाठलं. वहिनी बसस्थानकावर घोषणा करायची. तिच्या एका वाक्यासरशी दोनशे माणसं पिशव्या उचलून उभी राहायची.

त्याने लिहून आणलेलं वाचायला घेतलं. सुरुवात लिफ्ट बसवली त्या वर्षापासून होती.

"भावजी, ब्रेक कितव्या पानावर येतो?" वहिनीने विचारलं.

"सहाव्या."

"तोवर गाडी सुटलेली असते." तिने पहिली पाच पानं काढून घेतली. "आधी सांगा, त्यांचं काय अडलंय. मग का अडलंय. मग त्यांनी काय करायचं. बास."

"आणि कप्पी, तारा, वजनं?"

"विचारलं तर सांगा. चित्र एकच न्या, लांबून दिसेल एवढं मोठं. आणि महत्त्वाचं वाक्य झालं की गप्प बसा. मनात तीनपर्यंत मोजा. माणसांच्या डोक्यात शिरायला तेवढा वेळ लागतो."

आठवडाभर मिस्त्री गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मोटरीपुढे उभा राहून बोलत होता. मोटर मध्येच गुरगुरायची, पण उठून जात नव्हती.

ठरलेल्या दिवशी अकरा वाजता तो चित्राची गुंडाळी घेऊन नवव्या मजल्यावर उभा राहिला. खाली पाचही संचालक एकदमच लिफ्टमध्ये शिरले. सहावा मजला मागे टाकल्यावर लिफ्टने गचका खाल्ला आणि ती थांबली.

मिस्त्री दोन जिने धावत उतरला आणि त्याने चावीने सातव्या मजल्यावरचं दार उघडलं. त्याच्या पायाशी वीतभर फट होती आणि फटीतून पाच कपाळं दिसत होती. तो जमिनीवर पालथा पडला.

"घाबरू नका. लिफ्ट पडणार नाही. मी वर जाऊन हाताने चाक फिरवतो, पाच मिनिटांत सहाव्यावर उतराल."

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही मशीनला हात लावणार?"

"लावावाच लागेल."

"मंजुरीशिवाय नाही लावता येणार. परिपत्रकावर माझीच सही आहे."

"पण बाई, तुम्ही आत अडकलाय."

"म्हणूनच. स्वतः अडकल्यावर मी नियम वाकवला, तर लोक मला काय म्हणतील?" आत जरा कुजबूज झाली. मग त्या म्हणाल्या, "सगळे सभासद हजर आहेत. करा सुरुवात."

मिस्त्रीने गुंडाळी फटीतून आत सोडली. ती त्यांनी उलटी धरली.

"तुम्हाला वेळेवर वर पोचता येत नाही," त्याने सुरुवात केली.

"मान्य," आतून आवाज आला.

"कारण ब्रेक झिजलाय. त्याला आता लिफ्ट धरवत नाही."

आणि तो गप्प बसला. एक. दोन. तीन म्हणताना लिफ्ट कण्हत चार बोटं खाली सरकली.

मग जाड चष्म्याचे संचालक म्हणाले, "हा मुद्दा फार प्रभावी मांडलात."

"दोन तासांत ब्रेक बदलतो. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"इतर पर्यायांचा विचार केलाय का?"

"जिना," मिस्त्री म्हणाला.

मागच्या कोपऱ्यातल्या संचालकांची तक्रार होती, की त्यांना चित्र दिसलं नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून व्हावं. मिस्त्रीचं पोट फरशीवर गार पडलं होतं, तरी त्याने पुन्हा सांगितलं. या खेपेला तो मोजायला गप्प बसताच पाचही जणांनी लिफ्टमधला दांडा पकडला. लिफ्ट हलली नाही. दुसऱ्यांदा तितकी मजा आली नाही, असं सगळ्यांचंच मत पडलं.

मतदान झालं. फटीत सहा हात दिसले. मिस्त्रीने पुन्हा मोजले. चष्मेवाल्यांनी दोन्ही हात वर केले होते. अध्यक्षबाईंनी त्यांना एक खाली घ्यायला लावला आणि ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. मग मिस्त्री वर पळाला.

चारच्या आत नवा ब्रेक बसला.

पुढच्या आठवड्यात दुसरं परिपत्रक आलं. मंडळाच्या असं लक्षात आलं होतं, की त्या दिवशी कोणी फोनवर बोललं नाही, चहाला उठलं नाही, डुलकीही काढली नाही. सबब यापुढे सर्व सादरीकरणं लिफ्टमध्येच ऐकली जातील. मिस्त्रीने दर सोमवारी अकराला लिफ्ट त्याच जागी थांबवावी.

पहिल्या सोमवारी कॅन्टीनवाल्या मावशी नव्या शेगडीची मागणी घेऊन आल्या. मिस्त्रीने त्यांच्यासाठी सातव्या मजल्यावर सतरंजी अंथरली, कसं पालथं पडायचं ते दाखवलं आणि वर जाऊन स्विच पाडला. लिफ्ट केसभरही न चुकता थांबली. नव्या ब्रेकचं काम इतकं नेमकं झालं होतं, की त्याला कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. पण मशीनच्या खोलीत कोणी नव्हतं.

तो स्टुलावर बसून राहिला. खालून "मंजूर" अशी हाक यायला दीड वाजला.