गोविंदाची चांदणी

नजीरनं चिंधीवर टर्पेंटाइन घेतलं आणि भिंतीवरच्या नकाशात देशाच्या अगदी वरच्या टोकावरची लाल चांदणी पुसून काढली. पुसताना आजूबाजूचा पिवळा रंगही सुटून आला, म्हणून तो सगळा पट्टा त्यानं पुन्हा पिवळा केला. मग शिडीची एक पायरी उतरून, वीतभर खाली, नवी चांदणी काढली.

चूक त्याचीच होती, पण चूक तरी कशी म्हणायची? वडनेरच्या शाळेची ही भिंत रंगवायला घेतली तेव्हा सगळं गाव एकच सांगत होतं: गीताबाईंचा मुलगा गोविंदा गेल्या साली लढाईत सीमेवर कामी आला. सीमा म्हणजे नकाशाच्या कडेची रेघ, हे तीस वर्षं पाट्या रंगवणाऱ्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून तो पडला ती जागा दाखवायला त्यानं रेघेवर चांदणी दिली. आज सकाळी मुख्याध्यापिका प्राची मॅडम पलटणीचं पत्र घेऊन आल्या. गोविंदाची चौकी काश्मीरात, कुपवाड्याकडची होती. त्यांनी पुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवलं, ते रेघेपासून बरंच आत पडलं. पुस्तकावर आणि भिंतीवर सारखेच चौकोन आखून नजीर नकाशा मोठा करायचा. त्याला वाटलं, आपलेच चौकोन चुकले. त्यानं ते दोन्हीकडे दोनदा मोजले. बरोबर होते.

दुपारी गीताबाई आल्या. परवा पंधरा ऑगस्टला नकाशावरचा पडदा त्यांच्याच हातून सरकायचा होता, तरी त्या रोज येऊन बघून जात. आज बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काल तं गोविंदा रेघेवर व्हता, नजीरभाऊ. आज आत काऊन आनला?”

नजीरनं पत्राचं सांगितलं, चौकोनांचं सांगितलं. त्यांना ते पटेना. सीमेवर गेला म्हणून तर गावच्या कमानीवर त्याचं नाव होतं. उद्या कोणी म्हणालं, हा तर देशाच्या आतच मेला, तर काय तोंड दाखवायचं? शिवाय फोनवर तो स्वतः सांगायचा, आई, समोरच्या टेकडीवर पलीकडचे जवान आहेत, त्यांच्या फोडणीचा वास येतो इथं. आणि भिंतीवर तर चांदणी आणि रेघ यांच्यात एवढं अंतर.

“तिथून इथवर वास येईन काय?”

“लढाईची रेघ, मॅडम तिले ताबारेषा म्हनतात, ते अलग रायते, वहिनी,” नजीर म्हणाला. “ते या चांदणीजवळूनच जाते. पन या नकाशात ते काढत नाहीत.”

“जे काढलीच नाही, तिच्यावर माहं पोरगं उभं कसं व्हतं?”

नजीरला खरंच कळत नव्हतं, आणि कळत नाही असं म्हणायची भीतीही वाटत होती. नजीरनं देशाची रेघ चुकवली, एवढी गोष्ट गावभर व्हायला चहाचा एक कप पुरे.

गीताबाईंनी विचारलं, गोळी घालणारा कुठं होता? नजीरनं ब्रशच्या दांड्यानं चांदणीच्या जरा वर दाखवलं. तिथंही पिवळाच रंग होता. प्राची मॅडमनीच सांगितलं होतं, राज्यांच्या रेघा नकोत, देश कसा एक दिसला पाहिजे.

“म्हंजे तोही आतच,” त्या स्वतःशीच बोलल्या.

त्यांनी नजीरला शिडी धरायला सांगितली आणि पदर खोचून वर चढल्या. चांदणीला हात लावला नाही. तिच्या वरच्या पिवळ्यावरून त्यांचं बोट हळूहळू सरकत गेलं, हरवलेलं काही चाचपावं तसं. रंग ओलाच होता. बोटामागे खालचा पांढरा चुना उघडा पडत गेला आणि वाकडीतिकडी एक रेघ उमटली. रेघ जवळपास खऱ्या ताबारेषेच्या जागीच आली होती, देशाचा वरचा तुकडा तोडल्यासारखी. परवा सगळं गाव इथं जमणार होतं, आणि ही कोणी काढली असं कोणी विचारलं असतं तर नाव त्याचंच निघालं असतं.

त्या खाली उतरल्या. नजीर घाईनं वर गेला, डब्यातला पिवळा ढवळला आणि रुंद ब्रशचे दोन हात मारले.

“गेली?” गीताबाईंनी खालून विचारलं.

“गेली, वहिनी.”

बोटाला लागलेला रंग पदराला पुसत त्या भिंतीकडे बघत होत्या.

“येवढीच व्हती ते लढाईची रेघ?”