मागच्या ॲक्सलमधला आठवा हिस्सा

हैल सिद्रमध्ये त्या मंगळवारी होतं ते एवढंच: घरं अकरा. त्यांतली कुलूप लावलेली नऊ, मी महिन्यातून दोन रात्रींपुरतं उघडते ते एक, आणि मुहन्नाकाका राहतात ते एक. शेळ्या एकोणीस, बोकड दोन. मशीद एक, तिच्यात बांग देणारा एक आणि मागे नमाजाला उभं राहणारं कुणी नाही, कारण बांग देणारे काका आणि उभे राहणारेही काकाच. पिकअप दोन. चालणारी एकही नाही.

मी पाणी खात्यात आहे. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी गावात आणणारा पाट; त्यातून किती पाणी वाहतं ते दर महिन्याला मोजायचं, एवढंच माझं इथलं काम. खात्याची गाडी गावाच्या तोंडाशी लावून आत आले, तर काकांची पिकअप गल्लीच्या मधोमध आडवी. मागचं डावं चाक वीतभर बाहेर आलेलं, आणि खाली जळक्या तेलाचा डाग. काका दगडावर बसून चाकाकडे बघत होते. जनावर बसलं की त्याचा मालक बसतो तसे.

"कधी?" मी विचारलं.

"शनिवारी. पिठाची पोती आणि गॅसचं नळकांडं घेऊन येत होतो. आख्खा घाट चढली आणि दारात येऊन मोडली. शहाणी आहे."

मी गाडीखाली सरकले. बेअरिंगचा चुरा झाला होता आणि शाफ्ट चाकासकट बाहेर आला होता. तेलाचा बोल्ट काढून थाळीत तेल सोडलं, तर तेलाबरोबर आतल्या क्राउन गिअरचे दोन दाते पडले.

"किती वाईट आहे?"

"दात पडलेत."

"माझेही पडलेत. मी चालतोय."

"ॲक्सलच्या नळीचं टोकही खाल्लंय, काका. नुसतं बेअरिंग घालून भागणार नाही. मागचा सगळा ॲक्सल बदलावा लागेल."

फोनची रेंज फलजच्या टाकीच्या कठड्यावरच मिळते. तिथे जाऊन निझवाच्या भंगारवाल्याला विचारलं. जुना ॲक्सल होता त्याच्याकडे. त्याने सांगितलेल्या किमतीला काकांचा अर्धा कळप गेला असता. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अर्ध्या शेळ्या विकून गाडी करायची आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी इथे राहायचं. हिशेब तुझ्यासारख्या शिकलेल्यांनी करावा."

हिशेब माझ्या मोठ्या भावाने, अज्जानने, आधीच केला होता. शुक्रवारी तो खालच्या बहला शहरातून लॉरी आणणार होता. शेळ्या बाजारात जाणार आणि काका त्याच्या घरामागच्या खोलीत. गाडीशिवाय वर पीठ येत नाही, गॅस येत नाही. शुक्रवारच्या नमाजाला माणसं लागतात, ती खालीच आहेत. शुक्रवारपर्यंत गाडी चालली नाही तर काका उतरणार, हे काकांनी मान्य केलं होतं. नाराजीने नव्हे; कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

शेजारच्या अंगणात माझ्या वडिलांची पिकअप होती. तीच बनावट, दोन वर्षांनी नवी. वडील जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर तिचं इंजिन कुणी चालू केलं नाही. आता उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. पण मागची चाकं उचलून फिरवली तर आवाज नाही, करकर नाही.

"काका, हा बसेल."

"बसेल हे मला माहीत आहे," काका म्हणाले. "विचारलंस का ते सांग."

"कुणाला?"

"ज्यांची गाडी आहे त्यांना. तुझ्या बाबांच्या, जाहिरच्या मालाची वाटणी झालेली नाही. तुझे भाऊ, तू, तुझी आई."

मी आधी मोजून घेतलं. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. उचललेल्या चाकाचे दोन पूर्ण फेरे फिरवले की मधला शाफ्ट जितके फेरे घेतो तो त्या ॲक्सलचा आकडा. शाफ्टवर खडूची रेघ मारली. वडिलांच्या गाडीचा आला चार आणि वर थोडासा. काकांचा मागचा मोडलेला, म्हणून त्यांचा पुढचा मोजला: चार आणि वर तेवढाच. हे जुळलं नसतं तर चारही चाकं इंजिनला जोडून घाट चढताना पुढची एक म्हणाली असती, मागची दुसरं, आणि मधल्या गिअरपेटीचा जीव गेला असता.

मग टाकीवर जाऊन फोन लावले. अज्जान म्हणाला, "काढा की. पण लॉरी मी सांगून ठेवलीय हां. दोन म्हाताऱ्या गाड्या जोडून एक तरुण होत नाही." धाकटा बद्र सोहारच्या बंदरावर असतो, मागे क्रेनचा आवाज. "ॲक्सल? अगं, अख्खी ने. मला वाटलं ती कधीच विकली."

मग आई, ती अज्जानकडेच राहते.

"आई, बाबांच्या गाडीचा मागचा ॲक्सल काकांना हवाय."

"त्यांचा काय झाला?"

"गेला."

"मग खाली या म्हणावं. खोली रंगवून ठेवलीय."

"तू फक्त हो म्हण."

"नाही म्हणते."

"आई, ऐक तरी."

"तू ऐक. त्या दिवशी वर दोन गाड्या होत्या. एक घेऊन भावजी बाजारात गेले होते. दुसरी अंगणात धडधाकट उभी, आणि ती चालवणारा अंथरुणावर छाती धरून. किल्ली माझ्या हातात होती, रय्या. मला नुसती किल्ली फिरवता येत होती. आता वर माणूसच एक. त्याला काही झालं तर कोण आणणार खाली? बोकड? माझा हिस्सा मी देत नाही. सांग त्यांना, आणि सलाम सांग."

मी परत आले तेव्हा काकांनी यू-बोल्टांवर डिझेल टाकून ठेवलं होतं, गंज सुटायला.

"शरियतच्या वाटणीने चाळीसातले पस्तीस भाग मिळाले," मी म्हटलं. "दोघा भावांचे चौदा-चौदा, माझे सात."

"आणि पाच?"

"आई नको म्हणते."

काकांनी पाना फडक्याने पुसला, मग दुसरा पुसला. "मग नाही."

"काका, ॲक्सलचं वजन धरा शंभर किलो. तिचा आठवा हिस्सा साडेबारा किलो लोखंड. एवढ्यासाठी?"

"साडेबारा किलो म्हणजे कुठला भाग? डावा ड्रम? तो इथे काढून ठेवू आणि तीन चाकांवर नमाजाला जाऊ?"

"ती रागाने म्हणाली."

"रागाने म्हणाली तरी तिचंच आहे." त्यांनी पाने पेटीत ठेवले. "तुझी भाकरी करायची का माझ्यात?"

रखाल नावाची कागदासारखी पातळ भाकरी, ताक आणि सुकी मासळी खाल्ली. ते गावातल्या कुणाबद्दल बोलले नाहीत. बोलायला आता गावात कुणी नव्हतं. शेळ्यांबद्दल बोलले, प्रत्येकीला स्वभाव होता.

ऊन उतरल्यावर मी पाटावर माप घेऊन येत होते. काका कॉफीचं भांडं घेऊन वडिलांच्या अंगणात शिरले. उजवीकडचं दार उघडून रोजच्या सवयीने गाडीत बसले, दार ओढून घेतलं, काच खाली केली. स्टिअरिंग डावीकडे, तिथे कुणी नव्हतं. ते समोरच्या काचेतून घाटाकडे बघत कॉफी प्यायले. मधेच काहीतरी बोलले, फार लांब नाही, एखादं वाक्य. मग उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढे गप्प राहिले.

मी माझ्या दाराआड उभी राहिले. ते बाहेर आल्यावर उगाच विचारलं, "गाडीत होतात?"

"इथून रस्ता दिसतो," ते म्हणाले. "कोण येतंय ते."

"कोण येतं?"

"तू."

सकाळी मी पुन्हा टाकीवर गेले. ॲक्सलचं नाव न काढता आईला कालचं सगळं सांगितलं.

"कुठल्या बाजूला बसतात?"

"उजव्या."

"ती माझी जागा."

"हो."

"काच खाली होते अजून?"

"होते."

"मला ती कधी व्हायची नाही. तुझे बाबा हात आडवा घालून करून द्यायचे." मग म्हणाली, "बोलव त्यांना."

काका कठड्यावर चढले. फोन त्यांनी तोंडासमोर आडवा धरला, म्हणून दोघांचंही मला ऐकू येत होतं.

"सलाम, अज्जानची आई."

"सलाम, भावजी. माझी परवानगी नाही म्हणून ॲक्सलला हात लावला नाहीत म्हणे."

"नाही लावला."

"आणि चार वर्षं माझ्या जागेवर बसलात, तेव्हा कुणाला विचारलंत?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याकडे बघितलं.

"नाही विचारलं," ते म्हणाले.

"सीटचा तरी आठवा हिस्सा माझा असेलच की."

"असेल."

"मग?"

"चुकलंच. त्याच्या जागेवर बसवत नव्हतं. आणि घरात..."

"मला माहीत आहे घरात काय असतं," आई म्हणाली. "इथे घरात सात माणसं आहेत, तरी मला माहीत आहे. ॲक्सल काढल्यावर गाडी तिरकी होणार?"

"खाली दगड लावीन. सरळ ठेवीन."

"मग घ्या. पण दर शुक्रवारी नमाज आमच्या मशिदीत आणि जेवण इथे. एक शुक्रवार चुकला की माझा हिस्सा परत."

"साडेबारा किलोसाठी घाट चढून याल?"

"येईन. आणि स्वतः चालवत येईन. शिकतेय मी. दोनदा नापास झालेय, मागे घेताना खांब लागतो. पुढे नीट जाते."

"आमच्या घाटात मागे घ्यायला जागाच नाही," काका म्हणाले. "तुम्ही पास."

बुधवार-गुरुवार तेच केलं. वडिलांची गाडी आधी चौकटीखाली दगड रचून उचलली. शाफ्टच्या जोडावर खूण केली आणि तो सोडला. ब्रेकची नळी, हँडब्रेकची तार, दोन्ही शॉक. चार यू-बोल्टांपैकी तीन सुटले, चौथा कापावा लागला. कमानपाटे मोकळे झाले तसा ॲक्सल आपल्याच दोन चाकांवर जमिनीवर बसला. मग आम्ही तो ढकलत अंगणातून गल्लीत आणला, बिनबैलाची गाडी न्यावी तसा. कुलूप लावलेल्या दारांसमोरून जाताना चाकांचा आवाज भिंतींवरून परत येत होता, जणू पलीकडच्या गल्लीतूनही कुणीतरी तसंच काहीतरी नेतंय. काका एकदा थांबले. आवाजही थांबला. पुढे निघालो. शेळ्या मागून आल्या.

मोडका ॲक्सल काढून त्याच्या जागी हा सरकवायला सगळा गुरुवार गेला. पाट्यांच्या मधल्या खिळ्यावर तो बसेना. काका पहारीने रेटायचे, मी खालून बघून "अजून केसभर" म्हणायची.

"कुणाच्या केसभर? तुझ्या की माझ्या?"

"तुमच्या. म्हणजे काहीच नाही."

ते पहारीवर टेकून हसले, आणि तेवढ्यात खिळा भोकात बसला. यू-बोल्ट आलटून-पालटून आवळले, नवं तेल भोकाच्या काठापर्यंत भरलं. ब्रेकमधली हवा काढताना मी आत पायडल दाबत होते आणि ते मागून ओरडत होते, "दाब! धर! सोड!" ते इतक्या मोठ्याने ओरडत होते की मला वाटलं, गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना बांगेखेरीज आवाज चढवायचं कारण मिळालं नसेल.

वडिलांच्या गाडीखाली त्यांनी स्वतः दगड लावले. मी माझी पाणसळ धरून बघितली. पुढेमागे सरळ होती. मी सांगितल्यावर ते "बरं" म्हणाले आणि उजवं दार उघडून, बंद करून, लागतंय का ते पाहिलं.

अज्जानला लॉरी नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, "शेळ्यांसाठी बोलणी केली होती माझी." मग म्हणाला, "आईने काय जादू केली?" मी म्हटलं तिलाच विचार. त्याने विचारलं नसावं.

शुक्रवारी काका पुढे, मी मागे. घाटात त्यांनी एकदाही ब्रेक जोरात दाबला नाही. बहलात नमाज झाला. काका मशिदीतल्या रांगेतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि ते थोडे आखडून चालत होते. घरी भात, कोकराचं मटण. बायका आत, पुरुष बाहेर. आई मात्र डोक्यावरून शाल ओढून अंगणात आली आणि पिकअपच्या मागे जाऊन वाकली.

"हा का तो?"

"हा," काका म्हणाले.

"काळा पडलाय."

"ग्रीस आहे. खाली चांगला आहे."

अज्जानने त्यांना रंगवलेली खोली दाखवली. त्यांनी आत पाऊल टाकून खिडकी उघडली. समोर शेजाऱ्याची भिंत. "छान रंग आहे," म्हणाले. "रात्र राहा," सगळे म्हणाले. "शेळ्या," ते म्हणाले. आईने फडक्यात खजूर बांधून गाडीत उजव्या सीटवर ठेवले.

बसवलेलं बेअरिंग बिघडणार असेल तर आधी तापतं, आणि त्या बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम लागतं. म्हणून मी डांबर संपतं तिथपर्यंत त्यांच्या मागे गेले. काकांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. मी खात्याचं उष्णता मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र घेऊन आधी डाव्या, मग उजव्या चाकाच्या मध्यावर धरलं. ते आरशातून बघत होते.

"झालं?"

"झालं."

"पुढच्या महिन्यात?"

"पंधरा तारखेनंतर."

त्यांनी आकडा विचारला नाही. चारही चाकं जोडली आणि निघाले. पहिल्या वळणावर धूळ दिसली, दुसऱ्यावर नुसता आवाज, तिसऱ्यानंतर काही नाही. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं.

हवा तेहतीस अंश. डावं एक्कावन्न, उजवं बावन्न.