महाराजांचा नैसर्गिक बायपास

आखातातल्या मुहर्रक शहरात, त्या भाड्याच्या हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी एवढी गर्दी लोटली होती, की चपलांचा ढीग जिन्यावरून उतरत खाली खजूरवाल्याच्या दुकानापर्यंत आला होता. डोक्यावरून विमान गेलं की खिडक्या थरथरायच्या. महाराज लगेच डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बघा, कंपनं आली!" लोक माना डोलवायचे. त्यात विमानतळावर नोकरी करणारेसुद्धा डोलवायचे, हे विशेष.

महाराजांचं नाव अंकुरेश्वर. व्हिजिट व्हिसावर आले होते. कुठून आले ते कुणी विचारलं नव्हतं. चमत्कार मात्र सगळ्यांना पाठ झाला होता: हृदयाची नळी तुंबली असेल, तर महाराज अंगात नवी नस उगवून देतात. कापाकापी नाही, टाके नाहीत. मागच्या बॅनरवर ठळक अक्षरांत लिहिलंच होतं, 'नैसर्गिक बायपास'.

"डॉक्टर काय सांगतो? चरबी वाईट!" महाराज गरजले. "अरे, जरा विज्ञान वाचा! चरबीतच ग्रोथ फॅक्टर असतो. ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय? अंकुरशक्ती! नवी रक्तवाहिनी उगवून देणारी! ज्याचं पोट मोठं, त्याचं कोठार मोठं. बारीक माणसाकडे काय आहे? रिकामं कोठार!"

हॉलमधल्या समस्त पोटांना हे एकदम पटलं. तिसऱ्या रांगेतले दाजी तर सरसावून बसले. दाजी हमद टाउनला शाळेची बस चालवायचे. गेला महिनाभर जिना चढताना त्यांच्या छातीवर कुणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बस चालवणं बंद करायला लावलं आणि रविवारची अँजिओग्राफी ठरवली. दाजींना वाघाची भीती नव्हती, सुईची होती. म्हणून ते इथे आले होते, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांची बायको शेवंती आली होती.

"कोण येतो पुढे?" महाराजांनी विचारलं, आणि शेवंतीने शर्ट धरायच्या आत दाजी स्टेजवर पोचले.

महाराजांनी त्यांची बाही वर केली. हाताला कोमट तेल चोळलं. मग दंडाला एक लाल, विणलेला गंडा चांगला आवळून बांधला. "शक्ती बाहेर सांडू नये म्हणून," ते म्हणाले. "आता हात खाली सोडा. नाम घ्या. प्रत्येक नामाला मूठ आवळा, सोडा. आवळा, सोडा."

बघता बघता दाजींच्या गुबगुबीत हातावर, जिथे आयुष्यात कधी नस दिसली नव्हती, तिथे हिरवीनिळी नस टरारून वर आली. मग दुसरी आली. हॉलमध्ये एकच जयजयकार झाला. महाराजांनी गंडा सोडला आणि नस हळूहळू मावळली.

"गेली की!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"गेली नाही, निघाली!" महाराज हसले. "अंकुर आत शिरला. आता चालला हृदयाकडे."

शेवंतीने सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिलाही क्षणभर वाटलं, की असेल बाबा काहीतरी. आपल्या माणसाचं बरं होणार असेल तर कुणाला नको असतं? पण घरी येताच दाजींनी गोळ्यांचं पाकीट कपाटावर फेकलं.

"गोळ्या खलास. अँजिओग्राफी मफी, नाय म्हंजे नाय. रविवारी शाळा उघडली की मी बस काढतो."

"अहो, बसमध्ये पोरं असतात लोकांची!"

"मग? नवी नस हाय आता माझ्याकडे. पोरांच्या बापांकडे तरी हाय काय?"

शेवंतीने पाकीट कपाटावरून खाली काढलं. गोल चौकात वळताना ह्यांच्या छातीत कळ आली तर? ती तशीच खालच्या मजल्यावर गेली. तिथे जोसेफीन राहायची. वसईची, इस्पितळात हृदयाच्या वॉर्डात नर्स. शेवंतीने सगळा प्रकार सांगितला. जोसेफीन आधी पोट धरून हसली, आणि गोळ्या बंद केल्याचं ऐकताच हसायची थांबली.

"शेवंती, ह्यात चमत्कार नाय गो. गंडा बांधला म्हणून नस फुगली. मी रोज वॉर्डात हेच करते."

"मला पटला. पण त्यांना कसा पटायचा? त्यांनी नस बघितलीय. तू नुसती बोलशील, तो महाराज तुझ्यापेक्षा चांगला बोलतो."

जोसेफीनने चहा टाकला. मग शेवंतीच म्हणाली, "घावनं तव्याला चिकटायला लागली की मी काय करतंय? एकदम सगळा बदलीत नाय. आधी पीठ तेच ठेवतंय, तवा बदलतंय. मग तवा तोच, पीठ बदलतंय. म्हणजे चूक कुणाची ते कळता. तसा करूया. तेल आणि नाम ठेवूया, गंडा काढूया. मग उलटा करूया."

जोसेफीन तिच्याकडे बघतच राहिली. "अगो, ह्यालाच तर डॉक्टर लोक प्रयोग म्हणतात!"

शनिवारी पुन्हा तोच हॉल, तीच गर्दी. 'कालचा अनुभव सांगा' म्हणून महाराजांनी दाजींना मोठ्या प्रेमाने स्टेजवर बोलावलं. त्यांच्या मागोमाग शेवंतीही चढली आणि तिच्या मागून जोसेफीन.

"महाराज," शेवंतीने हात जोडले, "ह्यांची आणखी एक नस उगवून द्या. फक्त गंडा नको. ह्यांना गंड्याचा वळ उठतो."

भक्तिणीची एवढीशी मागणी भर सभेत नाकारायची कशी? महाराजांनी तेल चोळलं. दाजींनी हात टेबलावर ठेवून नाम सुरू केलं. मूठ आवळली, सोडली. हॉल वाकून बघत राहिला. दाजींचा हात होता तसाच गुळगुळीत राहिला.

"आज ग्रहमान..." महाराजांनी सुरुवात केली.

"ग्रह राहू दे. आता दुसरा हात, इथेच टेबलावर," जोसेफीन म्हणाली. तिने टेबलावरचा तोच लाल गंडा उचलून दाजींच्या कोरड्या हाताच्या दंडाला बांधला. "तेल नाय. नाम पण नको, दाजी. पाहिजे तर बसच्या स्टॉपांची नावं घ्या. मूठ आवळा."

दाजींनी हमद टाउनचे स्टॉप मोजायला घेतले. चौथा स्टॉप यायच्या आत नस टरारून वर आली, कालच्यापेक्षाही जाड.

पुढच्या रांगेतले लोक स्टेजला येऊन चिकटले.

"आता मला सांगा," जोसेफीनने लोकांकडे वळून विचारलं, "हे तुम्ही आधी कुठे बघितलंय? इथे बसलेल्या एकूण एक माणसाने बघितलंय."

मागून गुहागरचा एक प्लंबर ताडकन उठला. "आयला! व्हिसाचं मेडिकल!"

आणि हॉल जो फुटला म्हणता! दंडाला रबर बांधून, मूठ आवळायला लावून, ज्याचं रक्त काढलं नव्हतं असा माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. प्रत्येकाची नस व्हिसासाठी एकदा तरी उगवली होती. फक्त तेव्हा समोर पांढऱ्या कोटातली नर्स होती, म्हणून कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं.

"हाताला रक्त आणणाऱ्या नळ्या खोल असतात आणि त्यांना जोर असतो," जोसेफीन सांगू लागली. "रक्त परत नेणाऱ्या नसा वर असतात, त्या गंड्याने दबतात. रक्त येतं, पण जायला वाट मिळत नाय. म्हणून नस फुगते. ती जुनीच नस हाय, तुमच्या जन्मापासूनची. गंडा सोडला की रिकामी होते. हृदयाकडे बिदयाकडे काय निघत नाय."

महाराजांचा चेहरा आता गंड्यासारखा लाल झाला. "ही बाई आपल्या धर्माची नाही! हिला काय कळणार?"

"आमच्या चर्चमध्ये पण असे तेलवाले येतात, महाराज. त्यांना पण मी सोडत नाय," जोसेफीन म्हणाली.

"नस काय धर्म विचारून फुगते?" शेवंतीने तिथल्या तिथे सुनावलं.

"पण ग्रोथ फॅक्टर तर खरा आहे ना?" कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"खरा हाय. तिथेच तर मेख हाय. बाबा अर्धं खरं सांगतो, म्हणून फसतं माणूस. चरबी वाढली की तिला पोसायला रक्त लागतं, म्हणून ती नव्या बारीक नळ्या मागवून घेते. त्या तिच्या स्वतःसाठी असतात, तुमच्या हृदयासाठी नाय. आणि हृदयाच्या नळीत जो चरबीचा थर बसतो ना, त्याच्यात पण अशा नळ्या फुटतात. कच्च्या असतात, पाझरतात. त्याने तो थर आणखी बिघडतो. एक दिवस फुटला, गुठळी झाली, की अटॅक. डॉक्टरांनी हा फॅक्टर बाहेरून देऊन पण बघितलाय, वर्षानुवर्षं. अजून भरवशाचा इलाज झालेला नाय. आणि ह्याच्या तेलाच्या बाटलीत झाला?"

महाराजांनी बाटली उचलली आणि 'ध्यानाची वेळ झाली' म्हणून मागच्या दाराने गेले. दुसऱ्या दिवशीचं विमान त्यांनी धरलं, असं पुढे कळलं. या वेळी कंपनं कुणाला जाणवली नाहीत.

लोक हसत होते. दाजी मात्र हसत नव्हते. ते आपल्या हाताकडे बघत होते. गंडा जोसेफीनने कधीच सोडला होता आणि नस मावळली होती.

"म्हणजे आत काय नवीन नाय," ते हळूच म्हणाले.

"नाय, दाजी."

"आणि जुनी हाय ती तुंबलेली."

जोसेफीनने होकारार्थी मान हलवली. एवढा अंगापिंडाने भरलेला माणूस, पण त्याचे डोळे लहान मुलासारखे भरून आले. काल त्याला नवं आयुष्य मिळालं होतं आणि आज सगळ्यांसमोर ते काढून घेतलं होतं. ते काढून घेणारी आपणच, या विचाराने शेवंतीलाही रडू आलं. तिने भर सभेत त्यांचा हात धरला.

"भीती वाटते गो," दाजी म्हणाले.

"मला पण वाटते. चला, दोघा मिळून घाबरूया. पण इस्पितळात."

रविवारी बस दुसऱ्या ड्रायव्हरने काढली. अँजिओग्राफीच्या पडद्यावर दाजींनी आपलं हृदय पाहिलं. एक मोठी नळी एके ठिकाणी दोऱ्याएवढी बारीक झाली होती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे स्टेंट घातला. "मी बंद करायला सांगितल्यावरही बस चालवलीत का हो?" त्यांनी विचारलं. दाजींनी नाही म्हणून मान हलवली आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या शेवंतीकडे पाहिलं.

तर मंडळी, त्या शुक्रवारी हॉलमधल्या कुणाचेही डोळे खोटं बोलले नव्हते. नस सगळ्यांना दिसली होती आणि ती खरोखर फुगली होती. चूक एवढीच झाली, की ती कशाने फुगली हे कुणी विचारलं नाही. गंडा काढून बघा, तेल काढून बघा, नाम काढून बघा, आणि मग काय उरतं ते मोजा. ज्याची गोष्ट खरी असते तो असं करू देतो. जो करू देत नाही, त्याच्या हाती आपल्या माणसाचं हृदय देऊ नका.